तोल सुटलेल्या माणसांच्या गोष्टी : ब्लॅक कॉमेडी अँथॉलॉजी चित्रपटांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

'वाइल्ड टेल्स' हा अर्जेंटिनाचा चित्रपट बघ, असं मी कुणालाही सांगितलं की आठवड्याभरात तेच ते प्रश्न परत येतात. काही पाहण्याआधीचे, बरेचसे पाहून झाल्यावरचे. प्रत्येकाला वेगळं उत्तर लिहिण्यापेक्षा सगळे इथे एकत्र केले आहेत. प्रश्न ६, १४, १६ आणि १८ यांत गोष्टींचे शेवट फुटतात. चित्रपट पाहिला नसेल तर ते नंतर वाचा.

१. अँथॉलॉजी चित्रपट म्हणजे नेमकं काय?

एकाच चित्रपटात तीन, चार किंवा त्याहून जास्त स्वतंत्र गोष्टी. प्रत्येकीला स्वतःची सुरुवात आणि शेवट, बहुधा पात्रंही वेगळी. कथासंग्रहासारखंच हे, फक्त संग्रहातली शेवटची कथा आधी वाचायची मुभा असते, तशी इथे नसते. दिग्दर्शकाने लावलेल्या क्रमानेच पुढे जावं लागतं (हा क्रम किती महत्त्वाचा, ते प्रश्न ६ मध्ये). गोष्टींना बांधणारा धागा एखादी जागा असू शकते, एखादी वस्तू, एखादी रात्र. आपण ज्यांच्याबद्दल बोलतोय त्या चित्रपटांत धागा म्हणजे एक क्षण असतो. इतके दिवस गप्प बसलेला माणूस मनात म्हणतो, "आता बास."

२. ब्लॅक कॉमेडी आणि फार्स यांत फरक काय? दोन्हींत धिंगाणाच असतो ना?

फार्समध्ये माणूस जिन्यावरून गडगडतो आणि पुढच्या प्रवेशात धडधाकट उभा असतो. ब्लॅक कॉमेडीत तो मान मोडून मरतो, आणि प्रसंग तरीही विनोदीच राहतो. मरण, हिंसा, अपमान, आजारपण, म्हणजे ज्यांच्यावर हसू नये असं लहानपणापासून बजावलेलं असतं, तेच तिचं भांडवल.

मराठीत कृष्णविनोद किंवा काळा विनोद म्हणतात. हा शब्दप्रयोग रूढ करण्यात फ्रेंच लेखक आंद्रे ब्रतों यांनी १९४० साली छापलेल्या संकलनाचा मोठा वाटा. त्यांनी या विनोदाचा उगम 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स'कार जोनाथन स्विफ्टपर्यंत मागे नेला होता. पण व्याख्येपेक्षा मनोविश्लेषक फ्रॉइडने दिलेलं उदाहरण जास्त कामाचं आहे. सोमवारी सकाळी एका कैद्याला फाशी द्यायला नेतात, तेव्हा तो म्हणतो, "वा, आठवड्याची सुरुवात तर झकास झाली!" हे ऐकून ओठ हलले असतील, तर हा प्रकार तुमच्यासाठी आहे.

३. सामान्य माणूस चिडतो आणि सूड घेतो, मग ही सूडकथाच नाही का?

नाही. सूडकथेतला नायक ठरवतो, तयारी करतो, वाट बघतो, आणि आपण त्याच्या बाजूने असतो. इथला माणूस ठरवत नाही, घसरत जातो. कारणही इतकं किरकोळ असतं की दुसऱ्या कुणाला सांगायची लाज वाटावी. कुणी ओव्हरटेक करू दिलं नाही, कुणी गाडी उचलून नेली, खिडकीपलीकडच्या कारकुनाने पुन्हा तोच फॉर्म भरायला सांगितला.

लोक यांना रागाचे चित्रपट म्हणतात. मला ते सोसण्याचे चित्रपट वाटतात. भडका उडतो पाच मिनिटं, पण त्याआधी माणसाने किती वर्षं तोंड दाबून काढली, हे चांगला दिग्दर्शक दोन वाक्यांत आणि एका चेहऱ्यात दाखवतो. दुसरी खूण म्हणजे परत फिरण्याची जागा. जवळजवळ प्रत्येक चांगल्या गोष्टीत एक क्षण असा येतो की माणसाने तिथून निमूट घरी जावं. जाता येतंही. तो जात नाही. पुढची उत्तरं वाचताना ही जागा लक्षात ठेवा, ती वारंवार भेटेल.

४. एकच पाहायचा असेल तर कुठला पाहू?

'वाइल्ड टेल्स'. अर्जेंटिना आणि स्पेन यांची २०१४ सालची निर्मिती, मूळ स्पॅनिश नाव 'रेलातोस साल्वाखेस', लेखक-दिग्दर्शक दामियान सिफ्रॉन. सहा गोष्टी, दोन तासांच्या आसपास. निर्मात्यांत पेद्रो आल्मोदोवार आणि त्यांचे भाऊ आगुस्तिन, संगीत गुस्ताव्हो सांताओलाया यांचं. कान महोत्सवाच्या स्पर्धा विभागात दाखवला गेला, परभाषिक चित्रपटाच्या ऑस्करसाठी नामांकन मिळालं (बाहुली पोलंडच्या 'इडा'ने नेली), आणि पुढे बाफ्टा हा ब्रिटिश चित्रपट पुरस्कार मिळाला. अर्जेंटिनात त्या वर्षी सर्वाधिक लोकांनी पाहिलेला चित्रपट हाच.

श्रेयनामावली चुकवू नका. एकेका नावामागे एकेक जंगली प्राणी येतो, आणि दिग्दर्शकाच्या नावामागे कोल्हा. पुढे काय वाढून ठेवलंय याची इतकी प्रामाणिक पूर्वसूचना फार थोडे चित्रपट देतात.

५. इतकं भयंकर घडत असताना मी हसलो, आणि नंतर माझीच मला लाज वाटली. हे बरोबर आहे का?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त वेळा येतो, आणि विचारणारा प्रत्येक जण आवाज जरा खाली आणून विचारतो.

आंरी बर्गसों या फ्रेंच तत्त्वज्ञाने १९०० साली हास्यावर पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं असं की हसू येण्यासाठी हृदयाला क्षणभर बधिर व्हावं लागतं. कणव जागी असेल तर हसता येत नाही. त्याचा दुसरा मुद्दा आपल्या विषयाला नेमका लागू पडतो : जिवंत माणूस यंत्रासारखा वागू लागला की तो हास्यास्पद होतो. तोल सुटलेला माणूस नेमका तसाच असतो. त्याला वाटतं आपण आयुष्यात पहिल्यांदा मनासारखं वागतोय, आणि आपल्याला दिसतं की हा उतारावर ब्रेक निकामी झालेला ट्रक आहे.

त्यात ओळख पटण्याचा भाग येतो. विमानतळावर, बँकेत, रस्त्यावर हा भडका आपल्या डोक्यात शंभर वेळा उडून गेलेला असतो. आपण मात्र पावती घेऊन, "थँक्यू" म्हणून बाहेर पडलो होतो. पडद्यावरचा माणूस थँक्यू म्हणत नाही. पहिलं हसू सुटकेचं असतं. मग तो थांबायच्या जागी थांबत नाही, आणि आपलं हसू घशात अडकतं. दिग्दर्शकाला हे अडकणंच हवं असतं. तेव्हा लाज वाटली असेल, तर चित्रपटाने आपलं काम चोख केलं. जे शेवटपर्यंत मोकळेपणी हसत राहतात, त्यांच्याशेजारी गाडी लावताना मी जरा जपून लावतो.

६. गोष्टी स्वतंत्र आहेत, मग कुठल्याही क्रमाने पाहिल्या तर काय बिघडतं?

बरंच बिघडतं. 'वाइल्ड टेल्स'मध्ये विमानातली गोष्ट श्रेयनामावलीच्याही आधी येते, जेमतेम आठ-दहा मिनिटांची. प्रवाशांना गप्पांतून कळत जातं की आपण सगळेच पास्टरनाक नावाच्या एका माणसाला ओळखतो, आणि सगळ्यांनीच त्याच्याशी कधी ना कधी वाईट वागलोय. तो माणूस शेवटपर्यंत पडद्यावर दिसत नाही. ही गोष्ट चौथ्या क्रमांकावर असती तर कुणाला पटली नसती. अगदी सुरुवातीला असल्यामुळे ती नियम सांगून मोकळी होते : इथे कुणीही वाचेल याची खात्री धरू नका.

मध्यभागी महामार्गावरच्या दोन चालकांची गोष्ट आहे, सगळ्यांत हिंसक. तिच्यानंतर लगेच तशीच दुसरी आली असती तर प्रेक्षक बधिर झाला असता, म्हणून तिच्या पाठोपाठ येतो गाडी उचलून नेल्यामुळे खेटे घालणारा, पावत्या जपणारा एक इंजिनिअर. आणि लग्नसमारंभ शेवटी, कारण सहांपैकी तिथेच माणसं सगळं उद्ध्वस्त करून झाल्यावर पलीकडे काहीतरी सापडून उभी राहतात. ती गोष्ट पहिली ठेवली असती तर बाकीच्या पाच निव्वळ क्रूर वाटल्या असत्या.

७. दोन गोष्टी जबरदस्त वाटल्या, एक-दोन फिक्या. माझंच काही चुकतंय का?

नाही. अँथॉलॉजीचा हा जुना रोग आहे आणि त्यावर औषध नाही. गंमत अशी की कुणाला कुठली फिकी वाटली, यावरून वाद घालता येतो, आणि त्या वादातून माणूस चांगला कळतो.

८. हा प्रकार २०१४ साली सुरू झाला का? त्याआधी कुणी असं केलं नव्हतं?

केलं होतं, आणि फार आधी. १९३२ सालचा 'इफ आय हॅड अ मिलियन' शोधा. एक मरणासन्न धनाढ्य नातेवाइकांवर वैतागून अनोळखी लोकांना दहा-दहा लाख डॉलरचे धनादेश वाटत सुटतो. त्यातल्या दोन गोष्टी थेट आपल्या खानदानातल्या आहेत. एकीत डब्ल्यू. सी. फील्ड्स आणि ॲलिसन स्किपवर्थ हे जोडपं पैसे मिळताच गाड्यांचा ताफा विकत घेतं आणि रस्त्यावर दांडगाई करणाऱ्या चालकांना हुडकून हुडकून धडका देतं. महामार्गावरच्या रागाचा हा विनोद १९३२ सालचा आहे, हे पुन्हा एकदा वाचा. दुसरी एर्न्स्ट लुबिचची. चार्ल्स लॉटन हा ऑफिसातला कारकून. पाकीट उघडतो, चेहऱ्यावरची रेघ हलत नाही. उठतो, जिने चढतो, एकामागून एक दारं ओलांडतो, सर्वांत वरच्या साहेबाच्या खोलीपाशी येतो, आरशात टाय नीट करतो, दार उघडतो आणि ओठ मिटून साहेबाला फुर्रर्र करून दाखवतो. संपली गोष्ट. रक्ताचा थेंब नाही, पण वर्षानुवर्षांचं सोसणं त्या जिन्यांत आहे.

नंतर इटलीने हा प्रकार घरचा करून टाकला. दीनो रीझीचा 'ई मोस्त्री' (१९६३) वीस छोट्या गोष्टींचा, व्हित्तोरिओ गासमन आणि उगो तोन्यात्सी वेगवेगळ्या सोंगांत. तिथे माणसांचा तोल सुटत नाही, मुळात नसतोच. पहिल्याच गोष्टीत बाप मुलाला प्रेमाने फसवाफसवी आणि मारामारी शिकवतो, आणि पोरगं ते धडे इतके नीट गिरवतं की शेवटी बापालाच ठार मारतं.

त्याच वर्षीच्या 'रोगोपाग'मध्ये (रोसेलिनी, गोदार, पाझोलिनी आणि ग्रेगोरेत्ती या चौघांच्या नावांची सुरुवातीची अक्षरं जोडून झालेलं हे शीर्षक) पाझोलिनीची 'ला रिकोत्ता' ही गोष्ट आहे. ख्रिस्तावरच्या चित्रपटाचं चित्रीकरण चाललंय, आणि एक किरकोळ नट दिवसभर उपाशी. शेवटी खायला मिळतं तेव्हा तो इतका खातो की चित्रीकरणासाठी क्रुसावर चढवल्यावर तिथेच मरतो. या गोष्टीवरून पाझोलिनीवर धर्माच्या अवमानाचा खटला चालला. माझ्या मते या सगळ्या परंपरेतली ही सर्वांत दुखरी गोष्ट. त्याचा तोल रागाने जात नाही, भुकेने जातो.

९. एकच दिग्दर्शक असलेला चांगला की अनेकांनी मिळून केलेला?

अनेक हात लागले की चव बदलते. १९९५ सालच्या 'फोर रूम्स'मध्ये चार दिग्दर्शक आहेत, हॉटेल एक, नववर्षाच्या आदल्या रात्रीचा बेलबॉय एक (टिम रॉथ). कल्पना अचूक आहे : चार खोल्यांत एकाच माणसाचा संयम टप्प्याटप्प्याने झिजत जातो. पण प्रत्येक दिग्दर्शकाचा सूर निराळा, त्यामुळे झीज दिसण्याऐवजी चार वेगळे बेलबॉय दिसतात. क्रमाचा हिशेब (प्रश्न ६) एका डोक्यात असेल तरच जमतो.

१०. असे चित्रपट पाहून राग निवळतो का? मनातली वाफ निघून जाते म्हणतात.

म्हणतात खरं. मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना आधी चिडवलं. मग काहींना, ज्याने चिडवलं त्याला मनात आणून पंचिंग बॅगवर ठोसे मारायला सांगितलं. काहींना व्यायाम म्हणून ठोसे मारायला सांगितलं, आणि काहींना नुसतं बसवून ठेवलं. सर्वांत जास्त चिडलेले राहिले ते माणूस मनात आणून ठोसे मारणारे. गप्प बसलेले सर्वांत कमी आक्रमक निघाले. अर्थात चित्रपट पाहणं म्हणजे ठोसे मारणं नव्हे, तेव्हा या प्रयोगावरून थेट निष्कर्ष काढू नका. पण 'वाफ निघते' हे गृहीत धरूनही चालू नका.

राग जातो कुठे, हे या चित्रपटांना बरोबर कळलेलं असतं. आपल्याकडे वड्याचं तेल वांग्यावर काढणं म्हणतात, तेच. येल विद्यापीठातल्या संशोधकांनी १९३९ साली मांडलं होतं की वैफल्यातून आक्रमकता उपजते आणि खऱ्या कारणावर हात टाकता आला नाही की ती दुसरीकडे वळते. ज्याने खरंच नाडलं तो साहेब, ती यंत्रणा हाती लागत नाही. समोर सापडतो खिडकीतला कारकून, नाहीतर पुढच्या गाडीतला माणूस.

११. 'पल्प फिक्शन' आणि 'आमोरेस पेरोस' यांत मोडतात का?

काटेकोर अर्थाने नाही. १९९४ आणि २००० सालच्या या दोन्ही चित्रपटांत गोष्टी एकमेकींत शिरतात, एकीतलं पात्र दुसरीत येऊन जातं. त्यांना गुंफलेल्या कथानकाचे चित्रपट म्हणणं योग्य. साधी कसोटी अशी : एक गोष्ट काढून टाकली तर बाकीच्या कळतात का? कळत असतील तर अँथॉलॉजी.

१२. 'फॉलिंग डाउन' यादीत का नाही? त्याहून जास्त तोल कुणाचा सुटलाय?

वाहतूक कोंडीत गाडी तशीच टाकून चालत सुटलेला मायकेल डग्लस (१९९३). विषय अगदी आपलाच, पण गोष्ट सलग आणि एकाच माणसाची. पूर्ण लांबीचा चित्रपट एका माणसावर बेतला की त्याचा भूतकाळ सांगावा लागतो, घर दाखवावं लागतं, बाजू घ्यावी लागते. वीस मिनिटांच्या गोष्टीला हे परवडत नाही, आणि तोच तिचा फायदा. माणूस कोण होता ते कळायच्या आत तो काय झाला ते दिसतं.

१३. मालिका चालतील का?

यादी चित्रपटांची आहे, पण दोन नावं सांगितल्याशिवाय राहवत नाही. ब्रिटनची 'इनसाइड नंबर नाइन' (२०१४ ते २०२४), स्टीव्ह पेम्बर्टन आणि रीस शिअरस्मिथ यांची. प्रत्येक भाग स्वतंत्र, बहुतेक वेळा एकाच जागेत घडणारा. आणि 'आल्फ्रेड हिचकॉक प्रेझेंट्स'मधला १९५८ सालचा 'लॅम टू द स्लॉटर', रोआल्ड डाल यांच्या कथेवरचा. तो कशावर आहे ते सांगत नाही. स्वयंपाकघरातल्या शांततेकडे लक्ष ठेवा.

१४. 'वाइल्ड टेल्स'मधल्या श्रीमंत बापाच्या गोष्टीत तोल कुणाचाच सुटत नाही. मग ती तिथे कशी?

हा सगळ्यांत चांगला प्रश्न आहे. श्रीमंत घरातला मुलगा गाडीखाली एका गरोदर बाईला चिरडून घरी येतो. बाप वकिलाला बोलावतो आणि माळ्याने गुन्हा अंगावर घ्यावा म्हणून त्याला पैसे देऊ करतो. पुढे सगळं खालच्या आवाजात चालतं. वकील आपला वाटा मागतो, सरकारी वकील त्याचा, माळ्याची मागणी वाढत जाते.

बाकीच्या पाच गोष्टींत माणसं संयम गमावतात म्हणून अनर्थ होतो. इथे सगळे संयमी राहतात आणि त्यातूनच त्यांहून मोठा अनर्थ होतो. एकदाच बापाचं डोकं फिरतं, तेही घासाघीस ऐकून. तो म्हणतो, एक पैसा देणार नाही, पोराला घेऊन जा. म्हणजे तोल सुटलेल्या त्या एका क्षणी तो योग्य गोष्ट करायला निघालेला असतो! मग पुन्हा भानावर येतो आणि सौदा होतो. शेवटी हातोडा पडतो तो मेलेल्या बाईच्या नवऱ्याचा, आणि पडतो निरपराध माळ्यावर. पुन्हा वांग्यावरच तेल (प्रश्न १०). या गोष्टीवर हसू फारसं येत नाही ही तक्रार मला मान्य आहे. पण ती काढून टाकली तर उरलेल्या पाच नुसती आतषबाजी होतील.

१५. यॉर्गोस लॅन्थिमॉसचा 'काइंड्स ऑफ काइंडनेस' यात बसतो का?

अर्धा. २०२४ चा हा चित्रपट तीन गोष्टींचा, तिन्हींत तेच नट वेगळ्या भूमिकांत, विनोद काळाकुट्ट. पण तिथली माणसं स्वतःवरचा ताबा गमावत नाहीत, तो दुसऱ्याच्या हवाली करतात. साहेबाने जेवणापासून झोपेपर्यंत सगळं ठरवून द्यावं, यातच त्यांचं सुख. आपल्या यादीतल्या माणसांचं उलटं प्रतिबिंब म्हणून जरूर पाहा, फक्त आधी 'वाइल्ड टेल्स' पाहून घ्या.

१६. पडद्यावरची गोष्ट खऱ्या दुर्घटनेशी जुळली तर ती विनोदी राहते का?

'वाइल्ड टेल्स'च्या बाबतीत हे घडलं. २४ मार्च २०१५ रोजी जर्मनविंग्जचं विमान सहवैमानिकाने फ्रान्सच्या आल्प्समध्ये जाणूनबुजून आदळवलं, १५० जण गेले. चित्रपट ब्रिटनमध्ये प्रदर्शित व्हायचा होता त्याच आठवड्यात. तो जवळजवळ वर्षभर आधी कानला दाखवला गेला होता, त्यामुळे घटनेवरून काही उचलल्याचा प्रश्नच नव्हता. पण पहिली गोष्ट विमानाची, आणि शेवट तोच. तिथल्या काही चित्रपटगृहांनी प्रेक्षकांना आधीच सावध करणाऱ्या सूचना लावल्या.

मला ते योग्य वाटतं. गोष्ट कापायची नाही, आणि प्रेक्षकाला बेसावध गाठायचंही नाही. ज्याचं जळतं त्याला कळतं, आणि सभागृहात कोण बसलंय हे दिग्दर्शकाला ठाऊक नसतं.

१७. मुलांबरोबर पाहू का?

नको. मोठी झाली की स्वतः शोधतील.

१८. मला असाच एक लघुपट लिहायचा आहे. कुठून सुरुवात करू?

कारण जितकं छोटं ठेवता येईल तितकं ठेवा. नायकाची बायको पळाली, नोकरी गेली, त्याच दिवशी गाडीही उचलली, असं केलंत तर प्रेक्षक म्हणेल, बरोबर आहे बाबा तुझं. प्रेक्षकाने निम्म्या वाटेपर्यंतच बरोबर म्हणायला हवं.

समोरचा माणूस खलनायक नको. खिडकीपलीकडचा कारकून सभ्य हवा, शब्दही नियमाला धरून हवेत. उद्धट माणसावर कुणीही चिडेल.

हत्यार माणसाच्या रोजच्या कामातून येऊ द्या. 'वाइल्ड टेल्स'मधला तो इंजिनिअर इमारती पाडणारा, स्फोटकांतला जाणकार आहे. त्याच्या हाती पिस्तूल दिलं असतं तर गोष्ट मेली असती.

आणि परत फिरण्याची जागा ठळक दाखवा. महामार्गावरच्या गोष्टीत एक चालक दुसऱ्याची गाडी ओढ्यात ढकलून देतो आणि निघतो. रस्ता मोकळा आहे, गाडी वेगात आहे, घर त्याच दिशेला आहे. पण ओढ्यातून बाहेर आलेला माणूस ओरडून धमकी देतो, आणि हा आरशात बघून गाडी मागे वळवतो. तिथून पुढे जे होतं त्यात दोघेही जळून एकमेकांना मिठी मारल्यासारखे सापडतात, आणि पोलिसांना वाटतं हे प्रेमप्रकरण असणार. लिहायला बसाल तेव्हा आधी ते गाडी वळवणं लिहा. बाकीचं पान त्याच्या मागेपुढे भरा.